मेण लावलेल्या वाळूवर घोडे पळतात तेव्हा

बडोद्यात 'रेसकोर्स' म्हटलं की आज कुणाला घोडे आठवत नाहीत. ऑफिसांच्या इमारती, सर्कलवरचा ट्रॅफिक, रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता, एवढंच. पण या गावाचं घोड्यांच्या शर्यतींशी नातं जुनं आणि जवळचं आहे. आज जिला इंडियन डर्बी म्हणतात ती १९४३ साली पहिल्यांदा झाली, तेव्हा जिंकलेली प्रिन्सेस ब्युटिफुल ही घोडी बडोद्याच्या महाराजांची होती. १९४७ साली इंग्लंडमध्ये डॉनकॅस्टरची सेंट लेजर जिंकणाऱ्या घोड्याचं नावच 'सयाजीराव' होतं. महाराज प्रतापसिंहरावांनी तो वर्षाचं शिंगरू असताना २८,००० गिनी मोजून घेतला होता आणि आजोबांचं नाव त्याला दिलं होतं. पुढच्याच वर्षी त्यांच्या 'माय बाबू'ने न्यूमार्केटची टू थाउजंड गिनीज जिंकली.

हे घोडे गवतावर पळाले. आपल्याकडे मुंबई-पुण्याला आजही शर्यती गवतावरच होतात. त्यामुळे टोरोंटोजवळ राहणारा माझा भाचा मागच्या वर्षी पहिल्यांदा वुडबाइनच्या रेसकोर्सवर गेला, तेव्हा त्याने तिथून मला फोटो पाठवून विचारलं, "मामा, हे घोडे वाळूसारख्या कशावर तरी पळतायत, पण धूळ उडतच नाहीये. असं कसं?"

माझी पंचवीस वर्षं माती तपासण्यात गेली. रस्त्याचा भराव, इमारतीचा पाया, तलावाचा बांध. मातीत पाणी किती, बारीक कण किती, दाबली तर किती बसते, हेच रोजचं काम. त्यामुळे भाच्याच्या प्रश्नाने मला चांगलंच धरून ठेवलं. त्याला जे समजावलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

जगात शर्यतीचे घोडे तीन प्रकारच्या जमिनीवर पळतात. पहिली गवताची, म्हणजे टर्फ. इंग्लंड, आयर्लंड, फ्रान्स, भारत इथली परंपरा तिचीच. दुसरी मातीची, अमेरिकेची. केंटकी डर्बी आणि तिथल्या बहुतेक मानाच्या शर्यती मातीवर होतात. ही माती म्हणजे वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचं मिश्रण. खाली दाबून घट्ट केलेला पाया, वर काही इंच भुसभुशीत थर. पाऊस येणार असं दिसलं की वरचा थर दाबून बंद करतात, म्हणजे पाणी आत न मुरता उतारावरून वाहून जातं. तिसरी सिंथेटिक. वुडबाइनला २००६ पासून हीच आहे. आधी पॉलिट्रॅक नावाची होती, २०१६ पासून टपेटा नावाची.

सिंथेटिक म्हटलं की प्लॅस्टिकची चटई डोळ्यासमोर येते. तसं काही नसतं. नव्वद टक्क्यांच्या आसपास ती वाळूच असते. तिच्यात कापडाचे किंवा गालिच्याचे बारीक धागे मिसळतात, काही ठिकाणी रबराचे तुकडे घालतात, आणि या सगळ्यावर गरम मेणाचा पातळ लेप चढवतात. टपेटा हा शब्द गालिच्यासाठीच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. मायकेल डिकिन्सन नावाच्या इंग्रज ट्रेनरने ती स्वतःच्या घोड्यांसाठी अमेरिकेत बनवली. बाजारात उतरली ती नंतर.

भाच्याला फोनवर सांगून कळेना, म्हणून मी घरी करून पाहिलं. बोडेलीची दोन किलो वाळू आणली, ज्या वाळूवर आमचं अर्धं बडोदं बांधलं गेलंय तीच. धुऊन वाळवली, चाळली. देवघरातल्या मेणबत्त्यांचे तुकडे वितळवून गरम वाळूत घातले, जुन्या नायलॉन दोरीचे धागे कातरून टाकले आणि कालथ्याने हलवत राहिलो. थंड झाल्यावर मूठभर उचलली. वाळू हाताला कोरडी लागत होती, पण बोटांतून सांडत नव्हती. मूठ आवळली की लाडू व्हायचा, सोडली की हलकेच सुटायचा. धूळ नावालाही नाही, कारण बारीक कण मेणाने मोठ्या कणांना चिकटले होते. वरून तांब्याभर पाणी ओतलं. अळवाच्या पानावर थेंब जसे गोल होऊन पळतात तसे ते क्षणभर वाळूवर थबकले आणि मग कणांच्या फटींतून थेट खाली गेले. परातीच्या तळाशी पाणी, वर वाळू जवळजवळ तशीच कोरडी.

ट्रॅकचं सारं मर्म यातच आहे. साध्या मातीत पाणी कणांना धरून बसतं आणि जमिनीचा स्वभाव बदलतं. मेण लावलेल्या कणाला पाणी चिकटत नाही. त्यामुळे या ट्रॅकवर पाणी बाजूला वाहून न नेता सरळ खाली उतरवतात. वरच्या थराखाली सच्छिद्र डांबर, त्याखाली खडी, त्याखाली भोकांचे पाइप. मुसळधार पाऊस पडून गेल्यावर थोड्याच वेळात शर्यत लावता येते, आणि ती पावसाआधीच्या शर्यतीसारखीच होते.

आता घोड्याच्या पायाकडे येऊ. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

शर्यतीचा घोडा साडेचारशे ते पाचशे किलोंचा असतो. चौखूर पळताना तो ताशी साठ किलोमीटरच्या आसपास असतो, आणि एका क्षणी त्याचा सगळा भार एकाच पुढच्या पायावर येतो. हा भार शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त असतो. म्हणजे हजार किलोंहून अधिक, आणि तेही मनगटाहून फारशा जाड नसलेल्या हाडावर. खूर जमिनीला टेकतो, किंचित पुढे घसरतो, मग रुततो, भार घेतो आणि टोकावर वळून मागे रेटतो. घसरणं फार झालं तर स्नायू आणि कंडरा ताणल्या जातात. अजिबात झालं नाही तर धक्का थेट हाडात जातो. जमीन एका ठिकाणी कडक आणि दोन पावलांवर मऊ असेल तर ते सगळ्यात वाईट, कारण पुढचं पाऊल कसं टाकायचं हे घोड्याच्या शरीराने आधीच ठरवलेलं असतं. सिंथेटिक जमिनीत धागे आणि मेण मिळून धक्का पसरवतात, आणि मुख्य म्हणजे ती सगळीकडे सारखी असते.

याचा हिशेब आकड्यांत दिसतो. अमेरिकेत २००९ पासून शर्यतीत जीवघेणी इजा झालेल्या जवळपास प्रत्येक घोड्याची नोंद एका ठिकाणी होते. शर्यतीनंतर ७२ तासांत दगावलेलेही त्यात धरतात. २००९ साली सर्व जमिनी मिळून दर हजार धावांमागे २ घोडे दगावत होते. २०१९ साली मातीवर हा आकडा १.६०, गवतावर १.५६ आणि सिंथेटिकवर ०.९३ होता. एखाद्या वर्षाचा योगायोग म्हणून सोडून द्यावं असं हे नाही. एखाद-दुसरं वर्ष सोडलं तर तिन्हींत सिंथेटिकचाच आकडा खाली राहिला आहे. ट्रेनर मंडळींची तक्रार अशी असते की या जमिनीवर मागच्या पायांचे स्नायू जास्त दुखावतात, कारण खूर घसरत नाही, धरला जातो. ते रोज घोड्यांच्या पायांवर हात फिरवतात, त्यांचं म्हणणं हलक्यात घेऊ नये. तरी दुखावलेला स्नायू बरा होतो, मोडलेल्या पायाचा घोडा बहुतेक वेळा वाचत नाही. ही तुलना करताना मला दोन्ही पारडी सारखी वाटत नाहीत.

मग सगळ्या जगाने ही जमीन का उचलली नाही? इथे पैजा येतात.

इंग्लंडची गोष्ट सरळ आहे. तिथे हिवाळ्यात गवताची जमीन गोठते, शर्यती रद्द होतात. शर्यत नाही तर बुकींच्या दुकानात गिऱ्हाईक नाही. आणि बुकींकडून मिळणाऱ्या पट्टीवर तिथल्या शर्यतींचा बराच खर्च चालतो. म्हणून ३० ऑक्टोबर १९८९ ला लिंगफिल्डला पहिली सिंथेटिक शर्यत झाली, पाठोपाठ साउथवेलला. पुढे वुल्व्हरहॅम्प्टन, केम्प्टन, न्यूकॅसल. आता ऐन थंडीतही तिथे पैजा लागतात. लोकांनी ही जमीन वेगळीच विद्या म्हणून शिकून घेतली. गवतासाठी जमिनीच्या वर्णनाचे कितीतरी शब्द, इथे मात्र बहुतेक दिवशी एकच: 'स्टँडर्ड'. आकडेमोड करणाऱ्याला यासारखं सुख नाही. एक सावधगिरी मात्र लागते. सिंथेटिक म्हणजे एकच जमीन नव्हे. साउथवेलची जुनी, फायबरसँड नावाची जमीन जड होती, मागच्या घोड्यांच्या तोंडावर वाळू जोरात उडायची. तिथे जिंकणारे काही घोडे दुसरीकडे कुठे चमकले नाहीत. २०२१ साली तिथे टपेटा घातली आणि त्या घोड्यांच्या जुन्या कामगिरीची किंमत एका दिवसात बदलली.

अमेरिकेत उलटं झालं. ते समजायला टोट, म्हणजे सगळ्यांच्या पैजांचा एकत्र गल्ला, कसा चालतो ते आधी पाहू. समजा एका शर्यतीत विनवर, म्हणजे कोण पहिला येईल या पैजेवर, एक लाख रुपये जमले. क्लब आणि सरकार मिळून वीस हजार कापतात असं धरू. उरलेले ऐंशी हजार जिंकणाऱ्या घोड्यावर पैसे लावलेल्यांत वाटले जातात. त्या घोड्यावर चाळीस हजार लागले असतील तर दहा रुपयांचे वीस मिळतील. चारच हजार लागले असतील तर दहाचे दोनशे. म्हणजे तुमचा सामना घोड्यांशी नसतोच, बाकीच्या लोकांच्या अंदाजाशी असतो. आणि लोकांचा अंदाज उभा असतो मागच्या शर्यतींच्या नोंदींवर.

मातीवरच्या नोंदी एक ठरावीक गोष्ट सांगतात: पुढे राहील तो जिंकेल. सुरुवातीलाच मुसंडी मारून आतल्या कठड्याला लागलेला घोडा फायद्यात, कारण मागच्यांच्या डोळ्या-नाकात त्याच्या टापांची माती जाते. कित्येक घोडे तेवढ्याने हिरमुसून पळायचं सोडतात. सिंथेटिकवर मागे उडणारी वाळू कमी. मागचा घोडा आरामात श्वास राखून येतो. जॉकींनाही ते कळतं, मग कुणीच सुरुवातीला जोर लावत नाही. सगळे घोळक्याने जातात आणि शेवटच्या दोन-तीनशे मीटरमध्ये खरी शर्यत होते. अशा वेळी घोड्याघोड्यातला फरक लांबीत न मोजता नाकाच्या टोकाने मोजावा लागतो.

याचं नेमकं चित्र २००७ च्या एप्रिलमध्ये केंटकीतल्या कीनलंडला दिसलं. ब्लू ग्रास स्टेक्स, पॉलिट्रॅकवर. पहिलं अर्धं मैल इतकं संथ गेलं की त्याला ५१ सेकंदांहून जास्त लागले. शेवटी चार-पाच घोडे एका रेषेत आले आणि डॉमिनिकनने स्ट्रीट सेन्सला नाकभर फरकाने हरवलं. तीन आठवड्यांनी मातीवर केंटकी डर्बी झाली. स्ट्रीट सेन्स जिंकला, डॉमिनिकन पहिल्या काहींतही नव्हता. पुढच्या वर्षी ब्रीडर्स कप, म्हणजे अमेरिकेतली मोठ्या शर्यतींची मालिका, कॅलिफोर्नियात सँटा अनिटाच्या सिंथेटिक जमिनीवर झाला. तिच्यातल्या क्लासिक शर्यतीत मातीवरचा जगज्जेता कर्लिन चौथा आला. पहिला रेव्हन्स पास आणि दुसरा हेन्रीदनॅव्हिगेटर, दोघेही युरोपात गवतावर पळणारे. मेण लावलेली वाळू दिसते मातीसारखी, पण वागते पुष्कळशी गवतासारखी, हे त्या दिवशी पैसे लावणाऱ्यांना महागात पडून कळलं.

या जमिनीवरून झेन्याटावर जो अन्याय झाला तो मला अजून सलतो. ही घोडी १९ शर्यती ओळीने जिंकली. २००९ साली ब्रीडर्स कप क्लासिक जिंकणारी पहिली घोडी ठरली. पण तिचे बहुतेक विजय सिंथेटिकवरचे, म्हणून तिला 'मेणाची राणी' समजणारे लोक होते. २०१० साली शेवटच्या, विसाव्या शर्यतीत ती चर्चिल डाउन्सच्या मातीवर उतरली. सगळ्यांच्या मागून आली आणि ब्लेम नावाच्या घोड्यापेक्षा फक्त डोकंभर मागे राहिली. जमीन घोड्याला मोठं करते की घोडा जमिनीला, याचं उत्तर त्या शेवटच्या फर्लांगात जॉकीच्या चाबकाखाली दिसत होतं. ॲनिमल किंगडम हाही तसाच: पॉलिट्रॅकवर जिंकून २०११ ची केंटकी डर्बी मातीवरच्या पहिल्याच धावेत जिंकला, आणि २०१३ ला दुबई वर्ल्ड कप टपेटावर. चांगल्या घोड्याला जमीन अडवत नाही असं म्हणावंसं वाटतं, पण असे घोडे विरळा. पैजा लागतात त्या मधल्या फळीच्या घोड्यांवर, आणि त्यांचं नशीब जमिनीला बांधलेलं असतं.

कॅलिफोर्नियाने २००६ साली ठरवलं की २००७ संपेपर्यंत राज्यातल्या मोठ्या ट्रॅकवर सिंथेटिक जमीन हवीच. निर्णय घोड्यांसाठी होता आणि बरोबर होता. अंमलबजावणी मात्र घाईची झाली. सँटा अनिटाला २००८ च्या जानेवारीत पाऊस पडला आणि पाणी खाली उतरेना. त्या हिवाळ्यात ११ दिवसांच्या शर्यती बुडाल्या. माझ्यासारख्याला हे वाचून चुटपुट लागते, कारण खाली पाणी उतरवणाऱ्या कुठल्याही थराचा एकच शत्रू: बारीक कण. ते फटींत बसले की निचरा संपला. वाळू कुठली, तिची चाळणी कशी, हे ठरवल्याशिवाय अशी जमीन घालायला जाऊ नये.

दुसरी अडचण उन्हाची. मेण तापमानाप्रमाणे बदलतं. माझी परात मी मे महिन्यात गच्चीवर ठेवली होती. सकाळी सातला वाळू दाणेदार होती, दुपारी दोनला बोटाला चिकटत होती, मूठ उघडली तर तशीच राहत होती. मेणबत्तीचं मेण तरी साठ अंशांच्या आसपास वितळतं. ट्रॅकच्या मेणात तेलही असतं, ते कितीतरी आधी नरम पडू लागतं. कॅलिफोर्नियातल्याच डेल मारला सकाळचा ट्रॅक आणि दुपारचा ट्रॅक यांत फरक पडायचा. सकाळी घोड्याची सराव-वेळ घड्याळाने पाहून दुपारी पैसे लावणाऱ्याची त्यात फसगत व्हायची. आणि जी जमीन 'रोज सारखी' म्हणून घातली तीच दिवसातून दोनदा बदलते म्हटल्यावर लोक चिडले.

एकेक ट्रॅक मातीवर परतला. सँटा अनिटा २०१० संपताना, कीनलंड आणि दुबईचं मेदान २०१४ ला, डेल मार २०१५ ला. निचरा आणि ऊन ही कारणं खरी होती. पण मला वाटतं, मोठं कारण वेगळं होतं. अमेरिकेत घोड्यांची पैदास मातीवरच्या वेगासाठी होते, कोट्यवधींचे वळू घोडे त्या वेगावर विकले जातात, आणि पैजा लावणाऱ्यांच्या तीन पिढ्यांनी मातीवरची विद्या जमवलेली. नव्या जमिनीने या सगळ्यांच्या हातातली पुंजी एका झटक्यात खोटी ठरवली. आपली पुंजी राखण्यासाठी घोड्यांचे पाय पणाला लावणं मला मान्य नाही. २०१८-१९ च्या हंगामात सँटा अनिटाला तीसेक घोडे दगावले आणि मार्च २०१९ मध्ये ट्रॅक बंद ठेवावा लागला, तेव्हा ती चर्चा पुन्हा सुरू झाली. त्या घोड्यांतले सगळेच मातीवर पडले असं नाही, पण त्या पावसाळी हिवाळ्यात दाबून दाबून बंद केलेल्या मातीकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. २०२१ साली फ्लोरिडातल्या गल्फस्ट्रीम पार्कने गवत आणि मातीच्या जोडीला टपेटा घातली. पावसामुळे गवतावरची शर्यत हलवावी लागली तर मातीवर नेली की निम्मे घोडे माघार घेतात. टपेटावर नेली तर बरेचसे टिकतात, आणि जास्त घोड्यांच्या शर्यतीत पैजाही जास्त लागतात. ज्या हिशेबाने ही जमीन गेली होती त्याच हिशेबाने ती थोडी परत आली.

आता आपल्याकडचं. माझे काका पुण्याला नोकरीला होते आणि पावसाळी हंगामात न चुकता रेसला जायचे. त्यांची कार्डं माझ्याकडे आहेत. प्रत्येक घोड्याच्या नावापुढे पेन्सिलीने 'ओ' किंवा 'को' लिहिलेलं. ओली आणि कोरडी. काकांचं म्हणणं असे, "घोड्याचं नाव नंतर वाच रे, आधी आभाळ वाच." पुण्या-मुंबईला जमिनीचा मऊपणा पेनेट्रोमीटरने मोजून जाहीर करतात. आमच्या प्रयोगशाळेतही त्याच नावाचं, त्याच जातीचं साधन आहे: टोकदार दांडा ठरावीक जोराने जमिनीत घुसवायचा आणि किती खोल गेला ते वाचायचं. शिवाय तुडवलेली पट्टी वाचवण्यासाठी आत तात्पुरता कठडा लावतात, त्याला फॉल्स रेल म्हणतात. सिंथेटिक जमीन आली तर काकांचे 'ओ' आणि 'को' निम्मे निरुपयोगी होतील आणि त्यांच्या जागी थर्मामीटरचा आकडा लिहावा लागेल.

पुण्याच्या श्रावणासाठी ती जमीन चांगली, यात मला शंका नाही. पण उन्हाळ्यात ती टिकवायची तर आपल्या हवेला सोसेल असं मेण हवं, दिवसातून अनेकदा कुळवणी हवी, लीद आणि पालापाचोळा रोज उचलायला माणसं हवीत, आणि काही वर्षांनी मेण पुन्हा चढवायला पैसा हवा. क्लबांचा पैसा येतो पैजांतून. ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. वर सांगितलेल्या एक लाखाच्या उदाहरणात हे आकडे घालून पाहा, म्हणजे नवी जमीन कोण आणि कशातून घालणार ते कळेल.

माझी परात पूर्ण पावसाळा गच्चीवरच होती. दिवाळीच्या साफसफाईत खाली आणली तेव्हा वरचा बोटभर थर भुरका पडला होता, मेण उडालं होतं, धागे ठिसूळ झाले होते. पाणी ओतलं तर ते आता वर थांबत होतं. खालची वाळू मात्र अजून लाडवासारखी वळत होती. मी वरचा थर काढून टाकला, उरलेल्या वाळूत दोन मेणबत्त्या वितळवून घातल्या आणि तिचा फोटो भाच्याला पाठवला.